गॅमा कॅमेऱ्याचं सीओआर: दुरुस्तीआधी मोजमाप करणारा इंजिनिअर

सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका डायग्नोस्टिक सेंटरमध्ये मी टेक्नॉलॉजिस्ट आहे. आमचा गॅमा कॅमेरा, म्हणजे शरीरात दिलेल्या किरणोत्सारी औषधाचे फोटो काढणारं यंत्र, आता जुना झालाय; त्याला पेशंटभोवती फिरणारी दोन हेड (डिटेक्टर) आहेत. पुण्याहून येणाऱ्या एका स्वतंत्र सर्व्हिस इंजिनिअरकडून अलीकडेच त्याचं सेंटर ऑफ रोटेशन (सीओआर), म्हणजे हेड ज्या अक्षाभोवती फिरतात तो फोटोच्या मध्याशी जुळवणं, करून घेतलं, त्या सर्व्हिसबद्दल लिहितेय.

हृदयाच्या स्पेक्टमध्ये (हेड फिरवून घेतलेल्या फोटोंवरून बनणाऱ्या थ्रीडी स्कॅनमध्ये) एपेक्स, म्हणजे हृदयाचं टोक, एकामागून एक पेशंटमध्ये फिकट दिसायला लागला होता. इको आणि ईसीजी चांगले असलेल्यांमध्येही. अशा फोटोवरून उद्या एखाद्याची विनाकारण अँजिओग्राफी व्हायची, या विचाराने मी अस्वस्थ होते. आधी ज्यांच्याकडे मेंटेनन्सचा करार होता त्यांचा माणूस आला, कॅलिब्रेशनचा प्रोग्रॅम चालवला, नवी फाइल सेव्ह केली आणि निघून गेला. एपेक्स होता तसाच.

या इंजिनिअरसाहेबांनी आल्या आल्या दुरुस्तीला हातच घातला नाही. आधी युनिफॉर्मिटी, म्हणजे हेड सगळीकडे सारखंच मोजतं का, ते पाहिलं. मग बारीक नळीत टेक्नेशियमचा (स्कॅनच्या किरणोत्सारी द्रव्याचा) एक थेंब, साधारण 1 मिलिक्युरी, घेऊन तो टेबलाच्या टोकाला, टेबल आड येणार नाही असा हवेत धरला आणि फिरण्याच्या अक्षापासून मुद्दाम 10 सेमी बाजूला ठेवला. जुनी करेक्शन फाइल बंद करून पूर्ण 360 अंशांत फिरवून फोटो घेतले. प्रत्येक कोनातून त्या ठिपक्याचा मध्य कुठे पडतो त्याचे दोन ग्राफ काढले. आडव्या दिशेतला ग्राफ साइन वेव्हसारखा यायला हवा आणि समोरासमोरच्या कोनांची सरासरी सगळीकडे सारखीच हवी. ती शून्यापासून जितकी सरकलेली, तितकी सीओआरची चूक. ही चूक सगळ्या कोनांत सारखी असेल तर सॉफ्टवेअर प्रत्येक फोटो तेवढा सरकवून ती काढून टाकतं. तशीच राहिली तर पूर्ण फेरीत ठिपक्याचं कडं होतं, आणि हृदयाच्या 180 अंशांच्या स्कॅनमध्ये ठिपक्याला शेपट्या फुटतात.

आमचा खरा रोग दुसऱ्या ग्राफमध्ये सापडला. अक्षाच्या दिशेतली रेघ सपाट हवी, पण हेड दोनची रेघ लाटेसारखी वरखाली जात होती. म्हणजे हेड कललेलं. हेड 1 अंश जरी कललं तरी 10 सेमीवरचा ठिपका फेरीत एकूण साडेतीन मिमी पुढेमागे होतो, आणि शेजारच्या स्लाइसमधलं (स्कॅनच्या आडव्या कापामधलं) हृदय आपल्या स्लाइसमध्ये मिसळतं. ठिपका बरोबर अक्षावर ठेवला असता तर ही लाट दिसलीच नसती. आडवं सरकवणारी कुठलीही फाइल हा कल काढू शकत नाही, म्हणून आधीच्या कॅलिब्रेशनचा काही उपयोग झाला नव्हता. हे त्यांनी आमच्या डॉक्टरांना शेजारी बसवून, ग्राफवर बोट ठेवून सांगितलं. मला त्यांचं सगळ्यात जास्त आवडलं ते हेच.

मग लेव्हल लावून हेड सरळ केलं, बोल्ट आवळले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं. हेड 180 अंशांत समोरासमोर असताना वेगळं, 90 अंशांत असताना वेगळं, कारण दोन्ही मांडण्यांत वजन वेगळं पेलावं लागतं. आमच्या 128 मॅट्रिक्सला (फोटोत 128 × 128 ठिपके) पिक्सेल 4.8 मिमीचा आहे, अर्ध्या पिक्सेलच्या वर चूक गेली की फोटो बिघडतो. शेवटचे सगळे आकडे 1 मिमीच्या आत आले. त्यानंतरच्या स्कॅनमध्ये एपेक्स ठसठशीत दिसतोय.

तक्रारी आहेत. काम त्यांनी फक्त लो एनर्जी कॉलिमेटरवर (हेडसमोर बसणाऱ्या, किरणं गाळणाऱ्या शिशाच्या जाळीवर) धरलं होतं. कॉलिमेटर बदलला की सीओआर बदलू शकतं, आणि आमच्याकडे थायरॉइडचे आयोडीन 131 चे पेशंट असतात. हाय एनर्जी कॉलिमेटर मी मागे लागून करून घेतला. तो भरपूर जड असल्यामुळे खरं तर आधी तोच तपासायला हवा. लेखी रिपोर्टही बऱ्याच फोननंतर आला. प्रवासखर्च वेगळा लावतात, तो आधीच ठरवून घ्या.

तरीही पुढच्या वेळी यांनाच बोलावणार. तुम्ही बोलावलंत तर तो अख्खा दिवस पेशंट ठेवू नका, आणि करेक्शनच्या आधीचे ग्राफ स्वतःच्या कॉम्प्युटरवर कॉपी करून घ्या. पुढच्या महिन्यात हेड पुन्हा कलायला लागलं तर ताडून पाहायला तेच लागतील.