जुन्या मस्टँगचे ब्रेक: ड्रम दुरुस्त करावेत की पुढे डिस्क बसवावी?

फोर्डने एप्रिल १९६४ मध्ये मस्टँग बाजारात आणली, तेव्हा चारही चाकांना ड्रम ब्रेक (चाकाबरोबर फिरणाऱ्या पोकळ ड्रमला आतून 'शू' नावाच्या वक्र पट्ट्या दाबून थांबवणारे) हीच तिची मूळ व्यवस्था होती. पुढच्या चाकांना डिस्क (दोन्ही बाजूंनी पॅडच्या चिमट्यात धरली जाणारी तबकडी) हवी असल्यास ती १९६५ च्या मॉडेलपासून जादा पैसे मोजून मिळत असे. त्यामुळे १९६५-६६ ची व्ही-एट (आठ सिलेंडरच्या इंजिनाची) मस्टँग मर्यादित पैशांत नीट थांबवू पाहणाऱ्यापुढे आज मुख्यतः दोन मार्ग असतात: आहेत ते १० इंची ड्रम नव्यासारखे करून घेणे, किंवा फक्त पुढच्या चाकांना डिस्क बसवणे.

यांपैकी कोणताही मार्ग घेतला तरी एक खर्च टाळता कामा नये. या दोन वर्षांच्या गाड्यांत एकच मास्टर सिलेंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर तेल ढकलणारा पंप, चारही चाकांना ब्रेक ऑइल पुरवतो, म्हणजे एका चाकाजवळचा जुना होज पाईप फुटला की पेडल थेट तळाला जाते आणि चारही ब्रेक एकदम निकामी होतात. १९६७ च्या मस्टँगपासून पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी स्वतंत्र कप्पे असलेला दुहेरी मास्टर सिलेंडर आला. तो जुन्या गाडीलाही बसवता येतो, आणि माझ्या मते पहिला पैसा त्यावरच खर्च व्हावा.

ड्रमची निंदा अनेकदा अज्ञानातून होते. ड्रम फिरताना शूला स्वतःबरोबर ओढून घेतो व त्यामुळे दाब आपोआप वाढतो, म्हणून बूस्टर (इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालून पायाचा जोर वाढवणारे साधन) नसतानाही पेडल हलके लागते. नवे शू, स्प्रिंगा आणि व्हील सिलेंडर (चाकाजवळ शूंना ढकलणारे छोटे सिलेंडर) घालून नीट जुळवलेले ड्रम एका जोरदार ब्रेकमध्ये चाके सहज जाम करू शकतात. फरक दिसतो तो घाटाच्या उतारावर, तिसऱ्या-चौथ्या वेळी पेडल दाबताना. तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर जातो, शूवरच्या घर्षणाच्या थराची, म्हणजे लायनिंगची, पकड घटते आणि पाय अधिकाधिक खाली जाऊ लागतो. आत पाणी शिरले तर ते लवकर निघत नाही, आणि दोन्ही बाजू सारख्या जुळलेल्या नसतील तर गाडी एकीकडे ओढते. (या ड्रममधील, शू झिजल्यावर अंतर जुळवणारा स्वयंचलित ॲडजस्टर गाडी मागे घेताना ब्रेक लावल्यावरच काम करतो, हे अनेक मालकांच्या गावीही नसते.) सुट्या भागांचा खर्च साधारण तीन-चारशे डॉलरपर्यंत जातो.

डिस्कवर उष्णतेचा असा परिणाम होत नाही, कारण तापलेली डिस्क पॅडपासून दूर सरकत नाही आणि उघडी असल्याने लवकर निवते. पाणीही फिरताना झटकले जाते. मात्र तिच्यात ड्रमसारखी स्वतःहून दाब वाढवण्याची सोय नाही, म्हणून बूस्टर किंवा कमी व्यासाचा मास्टर सिलेंडर लागतो. इंजिनात मोठा कॅम (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) असेल तर व्हॅक्यूम कमी पडतो आणि बूस्टर नावापुरता उरतो. अशा गाडीला बूस्टरविना, कमी व्यासाच्या सिलेंडरचाच मार्ग बरा. ड्रमसाठीच्या मास्टर सिलेंडरमध्ये थोडा दाब अडवून ठेवणारी झडप असू शकते. ती डिस्कच्या वाटेत राहिली तर पॅड सतत घासत राहतात. मागचे ड्रम आधी जाम होऊ नयेत म्हणून त्यांच्या नळीवर दाब कमी-जास्त करता येणारी झडपही बसवावी. संच साधारण सातशे ते बाराशे डॉलरना मिळतो, पण १४ इंची मूळ चाके कॅलिपरला, म्हणजे पॅड दाबणाऱ्या चिमट्याला, घासतात का, हे विकत घेण्यापूर्वीच मोजून पाहावे, नाहीतर चाकांचा खर्च वेगळा.

फोर्ड ग्रॅनाडा या १९७५-८० च्या गाडीचे स्पिंडल (चाक ज्यावर बसते तो भाग) आणि ११ इंची डिस्क भंगारातून आणून लावणे ही एके काळी स्वस्तातली युक्ती होती. आता ते भाग सहजी मिळत नाहीत, मिळाले तरी डिस्क, कॅलिपर, बेअरिंग सारे नवे घालावे लागते आणि १९६५-६६ च्या गाडीत टाय रॉडच्या (स्टीअरिंगची हालचाल चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्यांच्या) टोकांचीही जुळवाजुळव करावी लागते. त्यामुळे बचतीचा हिशेब क्वचितच जमतो. सहा सिलेंडरच्या गाडीचे गणितही वेगळे आहे, कारण तिचे ड्रम ९ इंची आणि चाके चार बोल्टांची असतात. पाच बोल्टांकडे जायचे म्हटले की मागचा ॲक्सल आणि चारही चाके बदलावी लागतात. मागच्या डिस्कचा विचार मी सोडूनच देतो: ब्रेक लावताना वजन पुढे झुकते आणि बहुतेक काम पुढचीच चाके करतात.

रविवारी गावात फेरी मारणाऱ्याने ड्रमवर समाधान मानावे. डोंगराळ रस्ता, पाऊस किंवा महामार्गावरची गर्दी नित्याची असेल तर पुढची डिस्क घ्यावी. दोघांनीही आधी टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचावेत. २००० सालापासून ते उत्पादनाचा आठवडा व वर्ष सांगतात, आणि तेथे ३५०८ असेल, म्हणजे टायर २००८ च्या पस्तिसाव्या आठवड्यातला असेल, तर ब्रेकचे पैसे सध्या टायरवर घालावेत.