सोम, मेघ, वेद, नील, अर्क की ऋत? दोन अक्षरी नावांची पारख

मुलाचं नाव दोन अक्षरी हवं आणि वर्गात दुसऱ्या कुणाचं नको, असं ठरलं की यादी लवकरच या सहा नावांच्या आसपास येऊन थांबते. अर्थ सगळ्यांचेच चांगले, म्हणून अर्थावर अडून राहू नका. हाक मारून बघा आणि रोमन लिपीत लिहून बघा. लांब नावात एखादी खोट खपून जाते, दोन अक्षरांत नाही.

आधी हाक. सोम, नील, वेद, मेघ यांचा स्वर दीर्घ आहे; खाली खेळणाऱ्या पोराला तिसऱ्या मजल्यावरून ‘सोऽऽम’ अशी हाक ओढता येते. अर्क आणि ऋतमध्ये ओढायला काही नाही, आवाज ‘क’वर, ‘त’वर तुटतो. मग घरातच त्यांचं अर्कू, ऋतू होतं, आणि ऋतू म्हटलं की ऐकणाऱ्याला मुलगी वाटते.

स्पेलिंगमध्ये सगळ्यात जास्त मार ऋत खातं. मराठी उच्चाराप्रमाणे आर-यू-टी लिहिलं तर इंग्रजी वाचणारा ‘रट’ म्हणणार, म्हणजे चाकोरी. आर-आय-टी लिहिलं तर ‘रिट’. शेवटी टी-एच केलं तर थेट रूथ, बायबलमधल्या बाईचं नाव! विश्वाचा नियम हा वैदिक अर्थ कितीही सुरेख असला, तरी पोराला तो जन्मभर समजावत बसावं लागेल. मेघच्या शेवटी कुणी एक ‘ए’ चिकटवला की मेघा. वेद भारतात निर्धास्त ठेवा. परदेशात राहणार असाल तर नको, कारण इंग्रजी जिभेवर ‘द’ नाही आणि वेदचं ‘वेड’ होतं. नीलची दोन स्पेलिंगं चालतात, डबल ई किंवा ई-आय. दुसरं तर इंग्रजीतलंही नाव आहे, त्यामुळे बाहेर अडचण नाही. पण नील आता वेगळं नाव राहिलेलं नाही. सोमचं स्पेलिंग मात्र एकच. फार तर कुणी ‘सॉम’ म्हणेल.

चिडवण्यात सोम मागे पडतं. सोम्या झालं की पाठोपाठ गोम्या आलाच. तरी अर्कपेक्षा बरं: तिथे सूर्य कुणालाच आठवत नाही, पुदिन्याचा अर्क आठवतो, नाहीतर ‘पोरगं म्हणजे अर्क आहे’.

पत्रिका पाहणाऱ्यांसाठी चरणाक्षरं, म्हणजे जन्मनक्षत्राच्या चरणानुसार येणारं नावाचं पहिलं अक्षर: अ कृत्तिकेचं पहिलं, वे मृगाचं पहिलं, मे मघाचं चौथं, नी अनुराधाचं दुसरं, सो पूर्वाभाद्रपदाचं दुसरं. अक्षर जुळलं नाही तर जन्मनाव वेगळं ठेवून व्यवहारात आवडीचं नाव वापरायची रीत जुनीच आहे.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, मग आडनाव असा क्रम आहे. चार शब्दांत दोन अक्षरी नाव सुटसुटीत बसतं, पण लगेच पुढे आईचं नाव येतं. सोमपुढे मेघना आलं की ‘सोम्मेघना’, वेदपुढे दीपा आलं की ‘वेद्दीपा’. पूर्ण नाव भरभर तीनदा म्हणून बघा. नावाचं शेवटचं आणि आईच्या नावाचं पहिलं अक्षर एकच असेल तर यादीतलं पुढचं नाव घ्या.

आमचा कौल सोमला, आणि आईचं नाव ‘म’ने सुरू होत असेल तर मेघला… छे, तिथे ‘मेघ मेघना’ आणखी वाईट. तेव्हा वेद.

घाईत ठरवू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण ती बाळाच्या नावाशिवायही होते आणि नाव १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येतं. अर्जावर मराठी आणि रोमन दोन्ही अक्षरं स्वतः लिहा. तेच स्पेलिंग पुढे आधार आणि पासपोर्टवर जातं. चुकलं तर प्रतिज्ञापत्रापासून राजपत्रापर्यंत फेऱ्या माराव्या लागू शकतात.