स्पीडपेंट २.० : नेपोलियनच्या पायदळावर कसा उतरतो?

छोट्या सैनिक-प्रतिकृती रंगवण्यासाठीचा, आर्मी पेंटर कंपनीचा १८ मिलीच्या बाटलीतला हा रंग एकाच हातात मूळ रंग आणि सावली दोन्ही देतो. २०२२च्या पहिल्या आवृत्तीत वाळलेला थर ओला ब्रश फिरताच पुन्हा सुटायचा. २.० मध्ये तो दोष गेला, म्हणूनच आता बिनधास्त घ्या.

२८ मिमी आकाराच्या फ्रेंच शिपायांच्या प्रतिकृतींचे निळे कोट यात फारच सुरेख उठतात, चुण्या आपोआप गडद होतात. प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) मात्र पांढरा किंवा फिकट राखाडी हवा. काळ्यावर रंग दिसतच नाही. आधी कोट, मग पाठपिशवी. छातीवरचे पांढरे पट्टे सर्वांत शेवटी आणि साध्या अपारदर्शक ॲक्रिलिकनेच.

अडचण येते ती सपाट जागी. शाकोच्या (शिपायांच्या उंच टोपीच्या) माथ्यावर रंग कडेला साचतो. ओला असतानाच कोरड्या ब्रशने टिपून घ्या. अर्धवट वाळल्यावर हात लावला की चट्टा पडतो. पातळ करायला पाणी नको, त्याच कंपनीचं मीडियम (रंग पातळ करायचं द्रव) वापरा. जास्त पाण्याने रंगाची पकड जाते आणि डाग उरतात. बाटली नीट हलवा, तळाशी रंगद्रव्य बसतं. घोड्यांसाठी तपकिरी छटा तर घ्यायलाच हव्यात. शेवटी मॅट व्हार्निश, म्हणजे चकाकी जाते.