जुन्या घराचं बाहेरचं रूप बदललं: एका पावसाळ्यानंतरचा हिशेब

घर दुमजली, विटांच्या भिंतींचं, सिमेंटच्या गिलाव्यावर वर्षानुवर्षं रंगाचे थर चढलेलं. बाहेरून सगळं नवं करून घेतलं, त्यावर एक उन्हाळा आणि एक सबंध पावसाळा गेला. परांची उतरते त्या दिवशी कुठलंही काम झकास दिसतं, म्हणून मुद्दाम थांबून लिहितेय.

सगळ्यात जास्त समाधान दिलंय ते छज्ज्यांच्या पोटातल्या खाचेनं. कडेपासून जरा आत, बोटभर रुंदीची सलग खाच. आधी पावसाचं पाणी कडेवरून वळून छज्ज्याच्या खालच्या अंगाला चिकटत थेट भिंतीपर्यंत यायचं. आता खाचेपाशी अडतं आणि तिथूनच खाली गळतं. खिडक्यांच्या दोन्ही बाजूंचे काळे ओघळ यंदा उमटलेच नाहीत. गच्चीच्या कठड्याच्या माथ्यालाही आतल्या बाजूला उतार दिला, त्यामुळे वरची धूळ धुऊन येणारं पाणी दर्शनी भिंतीवर येत नाही. फोटोत या दोन्ही गोष्टी कुणाला दिसणार नाहीत, पण रंग स्वच्छ राहिलाय तो यांच्याच जिवावर.

तुळईखालची आडवी भेग जुनं दुखणं होतं. वीट आणि काँक्रीट तापमानाबरोबर सारखे फुगत-आकसत नाहीत, म्हणून नुसती पुट्टी भरली की ती पुन्हा उघडते. या वेळी दोन्ही बाजूंचा गिलावा पट्टीभर काढून, जाळी ठोकून, नव्यानं गिलावा केला. एका कोपऱ्यात केसाएवढी रेघ परत आलीय, बाकी सगळं शाबूत. बारीक भेगांवर ताणला जाणारा इलॅस्टोमेरिक रंग दिला होता आणि तो कुठे फाटलेला नाही. खोट एवढीच की हा रंग मऊ असल्यानं धूळ पटकन धरतो. रस्त्याकडची भिंत पांढरी ठेवायचा हट्ट असेल तर विचार करा.

रंग देण्याआधी नव्या गिलाव्याला निदान 28 दिवस द्यावेत असं सांगतात ते उगाच नाही. ताज्या सिमेंटचा पीएच 12 च्या वर असतो, म्हणजे ते फार अल्कधर्मी असतं, आत पाणीही असतं. मागच्या बाजूच्या एका पट्ट्यावर रंगाऱ्यानं घाई केली, आणि नेमका तिथेच लोणा (भिंतीतून बाहेर येणारे पांढरे क्षार) फुटून फिकट चट्टे पडलेत. लोणा आधी कोरड्या ब्रशनं झाडायचा. थेट पाणी मारलं तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात.

दर्शनी भागातल्या दगडी टाइल्स मात्र माझ्या मते अर्ध्या पुरल्या असत्या. दिसतात छान, पण ठोकून पाहिल्यावर काही पोकळ वाजतात. पाठीला पूर्ण चिकटद्रव्य न लावता चार गोळे ठेवून दाबल्या की असं होतं, मग त्या पोकळीत पाणी साचतं. लावताना मधूनच एखादी उचकटून पाठ बघायला सांगा, कारागीर रुसला तरी चालेल. पश्चिमेकडचे लाकडासारखे दिसणारे एचपीएल (जास्त दाबाखाली बनवलेलं लॅमिनेट) पॅनेल जास्त आवडले. ॲल्युमिनियमच्या चौकटीवर, मागे हवेची पोकळी सोडून बसवलेत, त्यामुळे ऊन पॅनेलवरच थांबतं आणि संध्याकाळी आतल्या खोलीत फरक जाणवतो. त्या पोकळीचं खालचं तोंड उघडं होतं, तिथे गांधीलमाश्यांनी बिऱ्हाड थाटलं! आता हवा जाईल अशी बारीक जाळी बसवलीय.

घर फार जुनं असेल तर दोन गोष्टी आधी बघा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून ते थर कोरडे घासू नका. ओले करून खरवडा आणि मुलांना लांब ठेवा. आणि भिंती चुन्यातल्या असतील तर वर लिहिलेलं जवळजवळ काहीच उचलू नका. कडक सिमेंट आणि प्लॅस्टिकसारखा रंग चढवला की भिंतीतली ओल बाहेर पडू शकत नाही, ती आतून गिलावा सोडवते. तिथे चुन्याचा गिलावा आणि चुन्याचाच रंग.

एक काम अजून बाकी आहे. खिडक्यांच्या चौकटींभोवती सिलिकॉन भरलं, त्यावर रंग धरतच नाही, सोलून येतो. ते सगळं कापून काढून तिथे रंग चढणारं ॲक्रिलिक सीलंट भरून घेणार आहे.