घरच्या फायलींसाठी साधी एचटीएमएल पानं, दिवाळीपासून वापरतोय त्याचा अनुभव

घरातली कागदपत्रं, पावत्या, स्क्रीनशॉट, स्कॅन केलेले जुने फोटो, सगळं दिवाळीपासून साध्या एचटीएमएल पानांत (एचटीएमएल म्हणजे वेबपानं जिच्यात लिहितात ती भाषा) लावतोय आणि आता दुसरं काही नकोच वाटतं. एका विषयाचं एक फोल्डर, त्यात फायली आणि एक इंडेक्स पान, म्हणजे त्या फायलींची यादी, डबल क्लिक केलं की ब्राउजरमध्ये उघडतं. सर्व्हर नको, नेट नको, लॉगिन तर नकोच.

खरी मजा म्हणजे प्रत्येक फायलीसमोर आपल्या भाषेत एक ओळ लिहिता येते. फोल्डरमध्ये नुसतं "स्कॅन ००४७" दिसायचं, आता पानावर लिहिलंय "गावचा सातबारा, आजोबांनंतर बाबा-काकांची नावं लागली तो, सोबत फेरफार", आणि खालीच फेरफाराची लिंक. कंट्रोल एफ दाबून "फेरफार" टाकलं की झालं, बाबा स्वतःच शोधतात.

करणार असाल तर पानाच्या कोडमध्ये वर मेटा चारसेट यूटीएफ-८ (अक्षरं कशी वाचायची ते ब्राउजरला सांगणारी ओळ) टाकाच, नाहीतर मराठीच्या जागी भलतीच चिन्हं दिसू शकतात. फोटो ढीगभर असतील तर इमेज टॅगमध्ये (फोटो दाखवणाऱ्या कोडमध्ये) लोडिंग लेझी लिहा, म्हणजे स्क्रोल करत जवळ गेलं की मगच फोटो लोड होतो. यादी वेगळ्या जेसन फायलीत (नुसता डेटा ठेवायची फाईल) ठेवून फेचने (दुसरी फाईल वाचणारी जावास्क्रिप्टची आज्ञा) वाचायला गेलात तर क्रोम अडवतं, लोकल फाईलवरून ते चालत नाही, तीच यादी जेएस (जावास्क्रिप्ट) फायलीत व्हेरिएबल म्हणून ठेवा आणि स्क्रिप्ट टॅगने जोडा, मस्त चालते.

त्रास आहेतच. फाईलचं नाव बदललं की लिंक तुटते, नवीन काही आलं की ओळ हाताने लिहावी लागते, आणि मोबाईलवर अजून जमलेलं नाही, अँड्रॉइडच्या फाईल मॅनेजरमधून पान उघडलं की मजकूर दिसतो पण फोटो गायब.

तरी भरवसा यावरच. गूगलचं फोटो लावायचं पिकासा २०१६ मध्ये बंद झालं, गूगल फोटोजची फुकट अमर्याद जागा जून २०२१ पासून संपली, पण सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी नव्वदीच्या सुरुवातीला लिहिलेली पानं आजच्या ब्राउजरमध्येही उघडतात. लिंक सगळ्या फोल्डरच्या आतल्याच ठेवल्यात, त्यामुळे अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर टाकून ताईला दिलं तर तिच्याकडेही जसंच्या तसं चाललं.

सध्या आईचे रिपोर्ट लावतोय, तारखेप्रमाणे, शुगरचा आकडा समोरच लिहून, डॉक्टरकडे जाताना त्याच पानाची प्रिंट काढून नेतो.