खाऱ्या हवेत टिकलेले पॉवर केबलचे कनेक्टर

मालवणात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर घर असल्याने अॅम्प्लिफायरच्या पॉवर केबलसाठी कनेक्टर निवडताना मी आवाजाआधी गंजाचा विचार केला, आणि दोन पावसाळे उलटल्यावर तो निर्णय योग्य होता याची खात्री पटली आहे. आधीच्या स्वस्त कनेक्टरच्या पितळी पट्ट्यांवर पहिल्याच पावसाळ्यात हिरवट थर धरला होता. पकड सैल झाल्याने प्लग हाताला गरम लागायचा आणि स्पीकरमधून मधूनच कडकड ऐकू यायची.

आताची जोडी म्हणजे भिंतीकडे ६ अँपिअरचा तीन पिनांचा प्लग आणि अॅम्प्लिफायरकडे १० अँपिअरचा सी-१३ कनेक्टर, म्हणजे डेस्कटॉप संगणकाच्या पॉवर केबलला असतो तसा. २३० व्होल्टला ६ अँपिअर म्हणजे १,३८० वॅट, घरच्या अॅम्प्लिफायरला भरपूर झाले. दोन्हींवर सोन्याचा मुलामा आहे. त्यामुळे आवाज गोड होतो हे मला पटत नाही. पण सोने गंजत नाही, आणि किनाऱ्यावर तेवढे कारण पुरेसे आहे.

त्याहून मोलाचे वाटले ते आतले भक्कम स्क्रू. तारेच्या टोकाला सोल्डर (वितळवून लावायचा मऊ धातू) लावून ती स्क्रूखाली आवळली, तर सोल्डर दाबाने हळूहळू पसरते आणि जोड ढिला पडतो, म्हणून मी टोकांवर तांब्याच्या टोप्या दाबून बसवल्या. अर्थिंगची तार थोडी लांब ठेवली, म्हणजे केबल ओढली गेलीच तर ती सर्वांत शेवटी सुटेल. भिंतीतले जुने सॉकेटही त्याच दिवशी बदलून घेतले.

उणीव एकच: कनेक्टर लांब असल्याने कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे लागले.