ईएनटी, ऑडिओलॉजिस्ट की स्पीच थेरपिस्ट: आधी कोणाचं दार ठोठावायचं?

वडिलांना कमी ऐकू येऊ लागलं तेव्हा आम्ही उलट्या टोकाने सुरुवात केली. आधी दुकानातून ऐकण्याचं मशीन आणलं, मग ऑडिओलॉजिस्ट गाठला आणि कान-नाक-घशाच्या (ईएनटी) डॉक्टरांकडे सगळ्यात शेवटी गेलो. तोवर मशीन टेबलाच्या खणात जाऊन पडलं होतं. "आवाज मोठा येतो, पण शब्द कळत नाहीत," हे वडिलांचं म्हणणं आम्ही हट्टीपणा समजून सोडून दिलं. खरं तर सगळं निदान त्या एका वाक्यातच होतं.

हे तिघं एकमेकांना पर्याय नाहीत. ईएनटी डॉक्टर आजार शोधतात, औषध देतात, ऑपरेशन करतात. ऑडिओलॉजिस्ट किती आणि कुठल्या पट्टीत ऐकू येतं ते मोजतो आणि मशीन त्या मापाला जुळवून देतो. बोलणं, भाषा, आवाज हे स्पीच थेरपिस्टचं क्षेत्र. अन्न गिळताना ठसका लागत असेल तर तेही त्याच्याकडेच, हे फार जणांना ठाऊक नसतं. यांच्याशिवाय चौथा असतो मशीन विकणारा. त्याच्याकडे जायला हरकत नाही, पण ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख, हातात आल्यावर.

मोठ्या माणसाला हळूहळू कमी ऐकू येत असेल तर ईएनटी की ऑडिओलॉजिस्ट, हा निकाल बहुतेक वेळा ऑडिओग्रामच लावतो. आवाजबंद खोलीत हेडफोन लावून बसायचं आणि टूं ऐकू आलं की बटण दाबायचं. २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर एकेक करून ऐकवतात. मग हेडफोन काढून कानामागच्या हाडावर एक छोटा कंपक टेकवतात आणि तेच पुन्हा. कागदावर दोन रेषा उमटतात. हाडातून नीट ऐकू येतंय पण हेडफोनमधून नाही, म्हणजे आवाज आत पोचण्याच्या वाटेवर अडथळा आहे: मळ, पडद्याला भोक, पडद्यामागे साठलेलं पाणी, किंवा मधल्या कानातलं इवलंसं हाड जाम झालेलं. इथे ईएनटी डॉक्टरांच्या हातात बरंच काही असतं. दोन्ही रेषा मिळून खाली घसरल्या असतील तर दोष आतल्या कानात किंवा नसेत. आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या केशपेशी माणसात एकदा गेल्या की पुन्हा येत नाहीत, त्यामुळे अशा वेळी नीट जुळवलेलं मशीन हाच मुख्य उपाय.

वडिलांच्या दोन्ही रेषा कागदाच्या डाव्या बाजूला, जाड सुरांपाशी, ठीक होत्या आणि उजवीकडे, बारीक सुरांकडे, जिना उतरावा तशा उतरत गेल्या होत्या. जाड आवाज शाबूत, बारीक आवाज गायब. स, श, फ हे वरच्या पट्टीतले आवाज, म्हणून 'साप' म्हटलं तर 'आप' पोचायचं. दुकानातलं मशीन सगळंच सरसकट मोठं करत होतं.

एका प्रसंगात मात्र आधी ऑडिओग्राम हा क्रम विसरायचा. एका कानाचं ऐकू येणं काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत एकदम गेलं, तर त्याच दिवशी ईएनटी. मळ असेल, जाईल आपोआप, असं म्हणत थांबू नका. नसेचा त्रास असेल तर स्टेरॉईडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत जास्त होतो, नंतर घटत जातो. कानातून पू, ठणका, भोवळ, किंवा एकाच कानात सतत गुणगुण, यांनाही आधी डॉक्टरच.

मूल बोलत नसेल तर लोक सरळ स्पीच थेरपिस्ट शोधतात. मी म्हणेन, आधी श्रवणचाचणी. "भांडं पडलं की वळून बघतो की!" या वाक्याने कितीतरी महिने वाया जातात. भांड्याचा दणका जाड पट्टीतही ऐकू येतो. त्यावरून मुलाला 'शाळा' मधला 'श' ऐकू येतो असं ठरत नाही. तान्ह्या बाळाचीही चाचणी होते: आतला कान आवाजाला प्रतिसाद देतो का हे पाहणारी ओएई काही मिनिटांत, आणि आवाज नसेतून पुढे पोचतो का हे पाहणारी बेरा, झोपलेल्या बाळाच्या डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून. ओएई नीट आली तरी नसेतला दोष नजरेतून सुटू शकतो, म्हणून शंका असेल तर बेरा करून घ्यावी. पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, हा जगभर मानला जाणारा हिशेब. दीड वर्षाला एकही शब्द नाही किंवा दोन वर्षांना दोन शब्द जोडत नाही, तर वाट पाहू नये. ऐकणं ठीक निघालं की मग स्पीच थेरपिस्ट. सोबत मूल नजर देत नसेल, हाकेला ओ देत नसेल तर विकासतज्ज्ञ बालरोगतज्ज्ञही. आणि "जीभ चिकटलीय, कापली की बोलेल" हे विसरा. त्याने काही उच्चार अडतील, भाषा अडत नाही.

तोतरेपणाला थेट थेरपिस्ट. तो बहुधा दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होतो आणि पुष्कळ मुलांचा आपोआप जातो, तरी एकदा दाखवलेलं बरं. आवाज चार आठवड्यांहून जास्त बसला असेल तर उलट: आधी ईएनटीने दुर्बिणीतून स्वरयंत्र पाहायचं, मगच आवाजाची थेरपी. अचानक बोबडी वळली किंवा शब्द सुचेनात, तर यांपैकी कोणीच नाही, सरळ इमर्जन्सी. पक्षाघात असू शकतो. थेरपिस्ट त्यानंतर.

कॉक्लिअर इम्प्लांटला, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायच्या ऐकण्याच्या यंत्राला, तिघंही लागतात. ऑपरेशन काही तासांचं. यंत्र चालू होतं काही आठवड्यांनी, मग ऑडिओलॉजिस्ट पुन्हा पुन्हा त्याचं मॅपिंग करतो, म्हणजे ते त्या माणसाला जुळवतो, आणि थेरपी वर्षानुवर्षं चालते. थेरपीला वेळ देता येणार आहे का, हा प्रश्न ऑपरेशनआधी स्वतःला विचारा. सांकेतिक भाषा शिकवणं म्हणजे हार मानणं, असंही समजू नका. ती पूर्ण भाषा आहे आणि इम्प्लांटसोबतही चालते.

वडिलांचं नवं मशीन त्यांच्या ऑडिओग्रामनुसार जुळवलं. पहिल्या दिवशी त्यांनी तक्रार केली ती वर्तमानपत्राची. पान उलटताना एवढा आवाज होतो, हे ते विसरूनच गेले होते.